गवती चहाच्या कुंडीतली क्रांती

मार्च लागला की इथे आखातात, अजमानमधल्या आमच्या इमारतीला एक ठरावीक वास येतो. हिवाळाभर बंद असलेले एसी पुन्हा सुरू होतात आणि त्यांच्या पोटात साठलेली धूळ थंडगार होऊन नाकात शिरते. खाली रस्त्याकडेच्या कडुनिंबांना फुलोरा आलेला असतो. तळमजल्यावरच्या दुकानात नाशिकची द्राक्षं येतात आणि दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक द्राक्ष चाखायला देतो, म्हणून मी दिवसातून तीनदा गिऱ्हाईक होतो. आणि लिफ्टमध्ये पोरं पुटपुटत असतात. कोणी रसायनांची नावं घेत वर चढतं, कोणी नद्यांची नावं घेत खाली उतरतं. दोन मजल्यांमध्ये लिफ्ट थांबली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. हा परीक्षेचा मोसम. ज्यांची पोरं अजून पाळण्यात आहेत त्यांचीही या दिवसांत झोप उडते. मला मात्र गुदगुल्या होतात, कारण परीक्षा माझी नसते.

यंदा आमच्या गार्गीची बारावी आहे. ती टेबलाशी बसून माशांच्या कल्ल्यांची चित्रं काढते आहे, बाहेर वाऱ्याने धूळ उडते आहे, आणि मी गॅलरीत गवती चहाच्या कुंडीला पाणी घालतो आहे. या कुंडीकडे पाहिलं की मला तिची दहावी आठवते. त्या मार्चमध्ये या गॅलरीत एक क्रांती झाली होती. मी तिचा प्रत्यक्ष साक्षीदार आहे, आणि खोटं कशाला बोला, थोडासा सूत्रधारही.

आधी पात्रपरिचय. मी या घरातला मामा. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, मला साताऱ्याहून इकडे आणलं. शारजातल्या रोल्लाला एका छपाईच्या दुकानात चिकटवलं आणि म्हणाले, "सुहासराव, जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहा." जागा मिळाली नाही. खरं म्हणजे मी शोधलीच नाही. बिल्डरने मोलकरणीसाठी काढलेल्या खोलीत मी राहतो. तिथे माझी कॉट मावते, आणि मी कॉटवर असलो की बाकी काही मावत नाही. मराठी मंडळाच्या नाटकांत मी कामं करतो. राजाची भूमिका मला कधी मिळाली नाही. माझ्या चेहऱ्यात दिग्दर्शकांना कायम हवालदार दिसतो.

दाजी देरा भागातल्या एका कंपनीत टॅक्स बघतात. टॅक्स नाही म्हणून जिथे माणसं घरदार सोडून येतात, तिथे येऊन टॅक्सवर पोट भरणारा हा माणूस आहे. व्हॅट आला तेव्हा इमारतीतले सगळे कपाळाला हात लावून बसले होते आणि दाजींनी पेढे वाटले होते. माणूस सज्जन, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. स्वयंपाकघरात त्यांना एकच गोष्ट येते: चहा. पण तो असा, की त्यासाठी मी माझं स्वातंत्र्य गहाण ठेवलं आहे. देराहून आले की ते बूट काढतात, हात धुतात, गॅलरीत जाऊन गवती चहाची दोन पाती कात्रीने कापतात, आलं खलबत्त्यात ठेचतात, आणि चार कप भरून ट्रे बाहेर आणतात. कोण किती घेणार, साखर किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते त्यांना ठाऊक असे, किंवा ठाऊक आहे असं त्यांना वाटे.

आणि त्या ट्रेवरून आमच्या घरात निर्णय येत.

ही आमच्या घराची रीतच होती. रोल्लाची जागा सोडून अजमानला यायचं, हे मला चहाच्या दुसऱ्या घोटाला कळलं. गार्गीचा नाच बंद आणि पोहणं सुरू, हे चहातच ठरलं, म्हणजे ठरून चहात आलं. मांजर पाळायची नाही, हेही. दाजी एक घोट घेत, कप बशीत ठेवत, "तर असं आहे," म्हणत, आणि पुढचं वाक्य कायदा असे. वाईट कायदा एकही नव्हता, हे सांगायलाच हवं. अजमानची जागा मोठी निघाली. पोहण्याने गार्गीचा दमा गेला आणि तिला समुद्राचं असं वेड लागलं की शनिवारी किनाऱ्यावरून तिला ओढून आणावं लागे. निर्णय नेहमी गोड आणि गरम असत. आपण फक्त प्यायचे.

त्या वर्षी रमजान ऐन परीक्षेत आला होता. रमजानात ऑफिसं लवकर सुटतात. एरवी दाजी घरी येईपर्यंत दिवे लागलेले असत. त्या महिन्यात ते चारच्या सुमारास दारात उभे. राजा राजधानीत नसतो तोवर प्रजा सुखी असते; आमचा राजा आता उजेडी घरात होता.

गार्गीच्या शाळेचा अभ्यासक्रम परदेशी, त्यामुळे तिच्या इतिहासात अमेरिकेची क्रांती होती. धडा तिला पाठ होता. पण एका प्रश्नाशी ती अडून बसली होती. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, हा प्रश्न येणारच. गार्गीचा स्वभाव असा की स्वतःला पटलं नाही ते ती लिहीत नाही. पेन उलटं धरून टेबलावर आपटत बसते.

"मामा, यू एक्स्प्लेन," ती म्हणाली. "पण प्लीज, ड्रामा नको."

ड्रामा नको म्हणजे काय, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. मी ताईची शाल खांद्यावर घेतली, पिठाची चाळण डोक्यावर ठेवली आणि सोफ्यावर उभा राहिलो.

"मी इंग्लंडचा राजा," मी म्हणालो. "फ्रान्सशी मोठं युद्ध जिंकलो आहे, आणि तिजोरीचा तळ दिसतो आहे. समुद्रापलीकडे माझ्या वसाहती आहेत. तिथली माणसं मजेत आहेत, शेतं पिकताहेत, जहाजं भरताहेत. युद्ध त्यांच्या रक्षणासाठीही केलं, मग खर्च त्यांनी का देऊ नये? लावा साखरेवर कर."

"त्यांनी दिला?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. ती कणीक मळत होती.

"चुकवला. मग मी म्हटलं, लावा कागदावर कर. वर्तमानपत्र, खरेदीखत, फार काय पत्त्यांचा जोड, सगळ्यावर माझा छाप हवा. मग मात्र भडकले. म्हणाले, तुमच्या संसदेत आमचा एक माणूस नाही. आम्हाला न विचारता आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण? इंग्लंडचा माल घेणं बंद केलं. बायकांनी घरी सूत कातलं. कर गोळा करणाऱ्यांचे पुतळे जाळले."

"करेक्ट," गार्गी म्हणाली. "देन ही रिपील्ड इट."

"घेतला मागे. मग काचेवर लावला, रंगावर लावला, पुन्हा कागदावर लावला, चहावर लावला..."

"चाळण उतरव आधी," ताई म्हणाली. "पीठ सांडतंय सोफ्यावर."

एवढ्यात दाजी आले. बूट काढता काढता त्यांनी सगळा प्रकार पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव उमटला, जो मी पूर्वी फक्त पेढे वाटताना पाहिला होता. "सुहासराव," ते म्हणाले, "कर लावण्याचं काम तुम्ही करताय आणि मी बूट सोडतोय, हे काही बरोबर नाही." त्यांनी माझ्या डोक्यावरची चाळण काढून आपल्या डोक्यावर ठेवली. ती त्यांना बरोबर बसली. माझी राजाची भूमिका तिथेच संपली.

पुढचा आठवडा आमच्या घरात इंग्लंडचा अंमल होता. कर खारीत भरायचा, असं ठरलं. रोल्लाच्या बेकरीतून मी आणलेल्या खारीचा डबा म्हणजे प्रजेचं धन. वायफाय लावलं, एक खारी. आंघोळीला वीस मिनिटांहून जास्त लागली, एक खारी. ताई भारतात आईशी फोनवर बोलली, त्यावरही. दाजी खारी गोळा करत, मोडलेली चालणार नाही म्हणत, आणि संध्याकाळी राजकोश खाऊन टाकत. हा माणूस इतका खुलू शकतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गार्गी हसून हसून वहीवर डोकं टेकायची. तिसऱ्या दिवशी ताईने खारीचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सगळा व्यापार ठप्प. दाजींनी सगळे कर मागे घेतले.

"फक्त चहावरचा राहील," ते म्हणाले. "तत्त्व म्हणून."

इथे गार्गी एकदम उठून बसली. "दॅट्स एक्झॅक्टली इट. एक्झॅक्टली असंच झालं. हाच माझा क्वेश्चन आहे."

प्रश्न असा होता. सगळे कर गेले, चहावरचा उरला. पुढे काय झालं, की ती व्यापारी कंपनी, जी आपल्याकडेही दुकान टाकायला येऊन दिवाणखान्यात पाय पसरून बसली, तिच्या गोदामांत चहा पडून राहिला. तेव्हा राजाच्या सरकारने तिला मुभा दिली, की चहा थेट वसाहतींत नेऊन विका. मधले दलाल गेले. चहा स्वस्त झाला. कर धरूनसुद्धा स्वस्त, चोरट्या चहापेक्षाही स्वस्त. आणि नेमका तोच चहा बॉस्टनच्या लोकांनी जहाजावर चढून, पेट्या फोडून समुद्रात ओतला. का?

"ऑफर होती ना," गार्गी म्हणाली. "चीपर होता. मग थ्रो का केला? मूर्खपणा आहे."

"मलाही हे कधी कळलं नाही," दाजी म्हणाले. "ग्राहकाचा फायदाच होता." आणि त्यांनी राजाज्ञा काढली, की आजपासून प्रत्येकाला अर्धा कप चहा जास्त मिळेल, तोही वेलची घालून, कर मात्र एक खारी. आम्ही तिघांनी मुकाट्याने खारी दिली आणि दीड दीड कप चहा प्यालो. गार्गी म्हणाली, "सी? आपण नाही थ्रो केला."

मी पुष्कळ सांगितलं. तत्त्व म्हणालो, हक्क म्हणालो, स्वाभिमान म्हणालो, हात हलवले. मंडळाच्या रंगमंचावर टाळ्या पडल्या असत्या. गार्गी पेन आपटत राहिली. शब्द सगळे धड्यातच होते. तिला ते आतून हवे होते.

म्हणून मी शुक्रवारी तिला देरात, खाडीकाठी घेऊन गेलो. तिथे लाकडी गलबतं अजून तशीच लागतात, खेटून, एकाच्या अंगावर दुसरं. धक्क्यावर माल उघड्यावर रचलेला: फ्रिज, टायर, तांदळाच्या गोणी, बिस्किटांची खोकी. डिझेल, खारट पाणी आणि कुठल्या तरी मसाल्याचा मिळून वास. समुद्रपक्षी खोक्यांवर बसून निवांत. पाण्यात सूर्याचे तुकडे.

"ही खोकी चहाची समज," मी म्हणालो. "थंडीची रात्र आहे. तोंडाला काजळी फासलेली माणसं गपचूप येतात. कोणी काही लुटत नाही. फक्त कुऱ्हाडीने झाकण फोडायचं आणि ओतायचं. सकाळी सगळ्या बंदराला चहाचा वास." मी एका खोक्यावर हातात नसलेली कुऱ्हाड उगारली. गलबतावरच्या एका खलाशाने डोक्याखालचा हात काढून माझ्याकडे पाहिलं. "खलास, हबीबी," म्हणजे पुरे झालं मित्रा, असं तो शांतपणे म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. इंग्लंडच्या पहारेकऱ्यांनी एवढं तरी म्हणायला हवं होतं.

गार्गी पाण्याकडे बघत होती. "फिशचं काय झालं असेल?" तिने विचारलं. "एवढ्या चहाने?"

मी हात टेकले.

त्या दिवसांची आठवण आली की मला वाटतं, आपण इथे आलेली माणसं मोठी समंजस असतो. कंपनीने शारजातून जेबेल अलीला पाठवलं, जातो. सुट्टी जूनऐवजी ऑगस्टात दिली, घेतो. इन्शाल्ला म्हणतो आणि हातातलं पितो. वाईट काही नसतं त्यात. पगार वेळेवर होतो, रस्ते स्वच्छ असतात, रात्री एक वाजता पोरगी खाली दूध आणायला जाऊ शकते. मी स्वतः इतका समाधानी आहे की मंडळात मला लाज वाटते. पण सतत वाढलेलं पीत राहिलं, की साखर किती घालू हे कोणी विचारलं तर क्षणभर उत्तर सुचत नाही. तसं मला एकदा झालं आहे, रोल्लाच्या एका कॅफेटेरियात. मी त्या माणसाला म्हणालो, "तुमच्या मनाने घाला."

तर, पुढची संध्याकाळ. दाजींनी ट्रे आणला. चाळण डोक्यावर नव्हती. खेळ संपला असावा, असं मला वाटलं. त्यांनी घोट घेतला. कप बशीत ठेवला.

"तर असं आहे," ते म्हणाले. "गार्गी, अकरावीला तू पुण्याला जातेस. आत्याशी सगळं बोलणं झालंय. ती तुझ्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतेय. वेगळं बाथरूम. कॉलेज घरापासून जवळ. अठरा पूर्ण झाली की स्कूटरही घेऊन देऊ." मग त्यांनी इथल्या दोन वर्षांच्या फीचा आकडा दिरहमात सांगितला, मग रुपयांत सांगितला, आणि रुपयांतला ऐकून स्वतःच चहाचा एक मोठा घोट घेतला. "तुझ्याच भल्याचं आहे, बाळा. सगळा विचार केलाय."

ताई कपाकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. मला नव्हतं; मला कोण सांगणार. एसी घरघरत होता. मी गार्गीकडे बघायचं टाळलं, आणि मला वाटतं, ती रडणार असं धरून आम्ही तिघेही तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

ती रडली नाही. तिने आपला कप उचलला, गॅलरीचं काचेचं दार सरकवलं आणि बाहेर गेली. आम्ही काचेतून पाहत राहिलो. ती कुंडीपाशी वाकली आणि कप हळूहळू तिरका केला. घाईने नाही, रागाने नाही. झाडाला पाणी घालावं तसा सगळा चहा तिने गवती चहाच्या मुळाशी ओतला. मातीतून वाफ निघाली. मग आत येऊन तिने रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला.

"चहा स्वस्तच होता, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांचा. बॉस्टनचा. स्वस्त होता, चांगला पण होता. आत्याची खोलीही चांगली असेल. स्कूटर इज नाइस. पण तुम्ही सगळ्यांनी तिकडे बसून ठरवलं आणि मला नुसता कप दिला." तिने ट्रे थोडा मागे सारला. "मी या घरात राहते ना? मग मला कोणीच कसं नाही विचारलं?"

ती माझ्याकडे वळली. "मामा, आय गॉट द आन्सर," ती म्हणाली आणि आत जाऊन उत्तर लिहायला बसली. दाराखालून पेनाचा आवाज येत राहिला. न थांबता, न आपटता.

त्यानंतरचे दिवस शांत होते, बंदर बंद पडल्यावर शहर असतं तसे. गार्गी जेवायची, अभ्यास करायची, गुड नाइट म्हणायची. चहा घेत नव्हती. दाजी तरीही चार कप आणत. चौथ्यावर साय धरे, ती सुरकुते, आणि ताई तो उचलून नेई. "तू पेटवलंस ना," ती मला म्हणाली, "आता तूच विझव." मग मागे वळून, कपाट पुसता पुसता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला तरी कुठे तिला पाठवायचं होतं." हे ती दाजींना बोलली नव्हती. बहुधा तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी दाजींबरोबर गाडीतून खजूर आणायला निघालो. उपास सोडायची वेळ जवळ आलेली, रस्ता गाड्यांनी भरलेला, आकाशाला धुळीचा केशरी रंग. सिग्नलला एक पोरगा गाड्यांच्या खिडक्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि खजुराची पाकिटं फुकट देत होता. दाजींनी एक पाकीट घेतलं आणि बराच वेळ हातात धरून बसले.

"सुहासराव," ते म्हणाले, "त्या राजाने पुढे काय केलं?"

"बंदर बंद केलं. सैन्य पाठवलं."

"मग?"

"युद्ध झालं. हरला."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. दाजींनी गाडी काढली नाही. "दुसरं काही करता आलं असतं त्याला?"

"विचारता आलं असतं," मी म्हणालो.

"उशिरा?"

"उशिरासुद्धा. त्याला तर पुष्कळ वर्षं मिळाली होती. यल्ला दाजी, चला, मागचा आता उतरून येईल."

दुसऱ्या दिवशी चार वाजता दाजी आले, बूट काढले, हात धुतले, पण पाती कापायला गेले नाहीत. रिकामं पातेलं हातात धरून ते गार्गीच्या दाराशी उभे राहिले. कंपनीच्या वतीने मोठमोठ्या अधिकाऱ्यांसमोर उभा राहणारा माणूस. त्याला पातेलं या हातातून त्या हातात घ्यावं लागत होतं.

"गार्गी," ते म्हणाले, "चहा घेणार?"

आतून, "हो."

"साखर किती?"

"साखर नको. मला आवडतच नाही."

दाजी पातेल्याकडे बघत राहिले. "कधीपासून?"

"ऑलवेज," गार्गी म्हणाली.

त्या संध्याकाळी आमच्या घरात संसद भरली. गार्गीचं म्हणणं असं, की अकरावी-बारावी इथेच, याच मैत्रिणींबरोबर. बारावीनंतर ती पुण्याला जाईल, खुशीने जाईल. फी जास्त आहे हे मान्य. मग वाढदिवसाची मोठी पार्टी नको, मॉलमधला नवा फोन नको. ताई म्हणाली, "मला ती इथे हवी आहे," आणि एवढं बोलून डोळ्यांना पदर लावला. दाजींनी ते ऐकून पहिल्यांदा आकडा रुपयांत केला नाही. मग मतदान झालं. मी हात वर केला तर दाजी म्हणाले, "तुम्हाला मत नाही. तुम्ही भाडेकरू."

"मी भाडं कुठे देतो?" मी म्हणालो.

"मग भाडेकरूही नाही."

माझ्यावर झालेला हा अन्याय इतिहासात नोंदला गेलेला नाही, म्हणून इथे सांगून ठेवला. मी त्यावर बंड केलं नाही, कारण चहा फार चांगला झाला होता.

आणि परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. त्याऐवजी गहू-कापसाबद्दल काहीतरी आलं. गार्गी घरी येऊन म्हणाली, "इट्स ओके, मला माहीत आहे ना आता." कुंडीतली पाती त्या उन्हाळ्यात अशी दाट वाढली की ताईला वाटलं दूध-साखरेचा गुण. मी तिला काही समजावलं नाही. क्रांतीचं श्रेय लोक कशालाही देतात.

आता पुन्हा मार्च आहे, पुन्हा रमजान, पुन्हा एसीची धूळ. मधल्या काळात राज्यकारभार बदलला. दाजींची साखर डॉक्टरांनी बंद केली, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी गार्गीकडे आली. ती फार कडक आहे. संध्याकाळचा चहा पुष्कळदा तीच करते. पाती कापते, आलं ठेचते, ज्याला त्याला विचारते, दाजी सोडून. त्यांचा कप बिनसाखरेचाच येतो.

परवा तिने ट्रे आणला. एक घोट घेतला. कप बशीत ठेवला. मला त्या ठेवण्याच्या आवाजातच काहीतरी ओळखीचं ऐकू आलं.

"तर असं आहे," ती म्हणाली. "मी पुण्याला नाही जात. कोचीला अप्लाय केलंय. समुद्रातल्या प्राण्यांचा कोर्स आहे, पुण्यात समुद्रच नाहीये. त्यांचा मेल आला. मिळालीय ॲडमिशन."

ताईच्या हातातली बशी वाजली. पुण्याच्या माडीवरच्या खोलीला आत्याने आत्ता दिवाळीत दुसऱ्यांदा रंग दिला होता. दाजींनी आपला कप उचलला, काचेचं दार सरकवलं, बाहेर गेले आणि दार मागे ओढून घेतलं.

"म्हणजे..." गार्गी म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे, मी विचारणार होते. असं नव्हतं म्हणायचं मला."

पण दार बंद झालेलं. आम्ही तिघे काचेतून बघत राहिलो. दाजींची पाठ आमच्याकडे होती, कुंडी त्यांच्या पुढ्यात, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं. समोरच्या मशिदीवरून अजान सुरू झाली. खाली सगळ्या घरांत पहिला खजूर तोंडात गेला असेल. दाजी तसेच उभे. गार्गीने माझी बाही धरली होती, लहानपणी लाटा अंगावर आल्या की धरायची तशी.

मग दाजी आत आले, रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला आणि आपल्या खोलीत निघून गेले. विचारायची कोणाची छाती झाली नाही. गार्गी माझ्याकडे बघत होती.

मी उठलो. या घरात मत नसलेला माणूस कुठेही हिंडू शकतो. गॅलरीत गेलो, खाली वाकलो आणि गवती चहाच्या मुळाशी मातीत बोट खुपसलं. पार दुसऱ्या पेरापर्यंत.

कोरडी होती. ठणठणीत कोरडी.

"प्यायलेत," मी आत येऊन सांगितलं.

गार्गीने श्वास सोडला. मग तिने पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं, ओल्या हातांनी खोलीच्या दाराशी गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, कोचीचं तुला काय वाटतं, मला ऐकायचंय. आणि अजून अर्धा कप घेणार?"

पाण्याला आधण आलं.

"विचारतेच आहेस तर," आतून आवाज आला, "साखर घालून."